वापरलेलं इंजिन ऑइल काय सांगतं आणि ते कसं वाचायचं

दहा लिटर ऑइल मावणाऱ्या एका डिझेल इंजिनाचा तपासणी अहवाल आला आहे आणि त्यात लिहिलंय, लोखंड १०० पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. दहा लिटर ऑइलचं वजन पावणेनऊ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्या सगळ्या ऑइलमध्ये मिळून फिरणारं लोखंड एक ग्रॅमसुद्धा नाही. एवढीशी भुकटी डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही, इंजिनाच्या आवाजातही तिचा पत्ता नसतो. तरी ती मोजता येते आणि बऱ्याचदा ती कुठल्या भागाची हेही सांगता येतं. इंजिनातून ठोके ऐकू येण्याच्या कितीतरी आधी.

ही पद्धत नवी नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेने १९४६ मध्ये डिझेल लोकोमोटिव्हच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू मोजून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. पुढच्या दशकात अमेरिकी नौदलाने हीच पद्धत विमानांच्या इंजिनांसाठी वापरली. आज ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, बोटी, खाणीतली यंत्रं, लहान विमानं, सगळीकडे ती चालते. पण अहवाल हातात आला की बहुतेक जण त्यातला एखादा मोठा आकडा पाहून घाबरतात, किंवा सगळे आकडे हिरव्या रंगात दिसले की निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचं आहे. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. अर्थ येतो तो त्याच्या सोबतीच्या आकड्यांमुळे, आणि त्याच इंजिनाच्या मागच्या नोंदींमुळे.

प्रयोगशाळेत नेमकं काय होतं ते आधी पाहू. ऑइलचा थोडासा नमुना प्रचंड तापमानात जाळला जातो. त्या उष्णतेत धातूचे अणू प्रकाश सोडतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश ठरावीक तरंगलांबीचा असतो. त्या प्रकाशाची तीव्रता मोजली की कोणतं मूलद्रव्य किती आहे ते कळतं. एकाच जाळणीत वीसेक मूलद्रव्यांचे आकडे मिळतात. त्यातले काही झिजेचे, काही बाहेरून आलेल्या घाणीचे आणि काही ऑइल बनवणाऱ्यानेच घातलेल्या रसायनांचे असतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, फॉस्फरस ही नावं मोठमोठ्या आकड्यांसह दिसली तर दचकायचं कारण नाही. ती ऑइलमध्ये असायलाच हवीत.

झिजेच्या धातूंपैकी लोखंड सगळ्यात सर्वसाधारण. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, गिअर असे बरेच भाग लोखंडाचेच असतात, म्हणून नुसतं लोखंड वाढलं तर ‘कुठेतरी झीज होतेय’ यापलीकडे काही कळत नाही. क्रोमियम मात्र बहुतेकदा पिस्टन रिंगवरच्या मुलाम्यातून येतं. अ‍ॅल्युमिनियम पिस्टनमधून येतं, पण बाहेरच्या धुळीतूनही येतं. शिसं आणि कथील हे बेअरिंगच्या वरच्या मऊ थराचे धातू, तर तांबं त्याच्या खालच्या थराचं. शिवाय तांबं बुशमध्ये आणि ऑइल कूलरमध्येही असतं. नव्या बनावटीच्या कित्येक बेअरिंगमध्ये शिसं अजिबात नसतं. म्हणून आपल्या इंजिनात कोणता भाग कशाचा आहे हे कंपनीच्या मॅन्युअलवरून माहीत असलेलं बरं.

आता सोबतीची गोष्ट. समजा, अहवालात सिलिकॉन वाढलंय. सिलिकॉन म्हणजे माती, वाळू, धूळ, असं साधारण मानलं जातं. पण नुकतंच खोलून बांधलेल्या इंजिनात गॅस्केटला लावलेल्या पेस्टमधूनही ते ऑइलमध्ये उतरतं. अशा वेळी सिलिकॉन एकटंच चढलेलं दिसतं, सोबत झीज वाढलेली नसते, आणि एक-दोन ऑइल बदलात ते आपोआप खाली येतं. काळजी करण्यासारखं काही नाही. याउलट सिलिकॉनबरोबर अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि क्रोमियम असे सगळेच एकदम वर गेले असतील, तर धूळ हवेच्या वाटेने आत शिरतेय आणि लायनर-रिंग घासून काढतेय. इथे धावत जाऊन इंजिन खोलायचं नसतं. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी होज, त्याचे क्लँप, फिल्टरच्या कडेचं सील आणि फिल्टरची डबी तपासायची. फिल्टर उत्तम असूनही त्याच्या पुढच्या होजला बारीक चीर पडलेली असेल, तर इंजिन गाळलेल्या हवेबरोबर कच्ची धूळही ओढत राहतं.

एअर फिल्टरबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण चांगल्या हेतूने होणारं हे नुकसान फार पाहायला मिळतं. फिल्टर पुन्हा पुन्हा काढून कॉम्प्रेसरच्या हवेने झाडणं ही काळजी नव्हे. दाबाच्या हवेने कागद फाटतो किंवा त्याची छिद्रं मोठी होतात, आणि दर वेळी डबी उघडली की थोडी धूळ आतल्या बाजूला पडते. उलट थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, कारण त्यावर बसलेला धुळीचा थरही गाळण्याचं काम करतो. फिल्टर किती तुंबलाय हे दाखवणारा इंडिकेटर असेल तर तो सांगेपर्यंत फिल्टरला हात लावू नये. झाडण्याऐवजी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बदलावा.

शिसं, कथील आणि तांबं एकत्र चढताना दिसले तर प्रकरण बेअरिंगचं आहे, आणि ते गांभीर्याने घ्यायचं. पण नुसतं तांबंच चढलं, शिसं आणि कथील जागच्या जागी असले, तर बहुधा ऑइल कूलरच्या आतल्या पृष्ठभागातून ते रासायनिकरीत्या ऑइलमध्ये उतरतंय. नव्या इंजिनात किंवा ऑइलचा ब्रँड बदलल्यानंतर हे होतं. आकडा कधीकधी भीतिदायक वाटावा इतका मोठा असतो, पण त्यात झीज नसते. हा फरक माहीत नसल्यामुळे धडधाकट इंजिन खोललं जाऊ शकतं. ऑइल तपासणीचा हाही उपयोग आहे, जो फारसा बोलला जात नाही: काय खोलायची गरज नाही हे ती सांगते.

कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरमधल्या द्रवाचा, माग तर सगळ्यात चलाख असतो. हेड गॅस्केट, लायनरची सील रिंग, ऑइल कूलर किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा), यांपैकी कशातूनही कूलंट ऑइलमध्ये झिरपू शकतं. गळती बारीक असेल तर इंजिन गरम झाल्यावर पाणी वाफ होऊन निघून जातं आणि डिपस्टिकवर दुधाळ रंग कधी दिसतच नाही. मागे राहतं ते कूलंटमधल्या रसायनांचं सोडियम किंवा पोटॅशियम. ते उडून जात नाही. कूलंटमधल्या ग्लायकॉल या रसायनाचं पुढे आम्ल बनतं आणि ते बेअरिंगच्या मऊ धातूंवर तुटून पडतं. म्हणून आधी सोडियम, मग पुढच्या एखाद्या नमुन्यात शिसं आणि तांबं, असा क्रम दिसला की कूलंटची गळती शोधायला लागावं. रेडिएटरमध्ये कूलंट वरचेवर घालावं लागतंय का, हे विचारायची हीच वेळ. मात्र नव्या इंजिनात पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम जोडीने दिसले तर ते कूलर जोडताना वापरलेल्या फ्लक्सचे (झाळकामाच्या रसायनाचे) अवशेष असू शकतात, आणि काही ऑइलमध्ये सोडियम मुळातच घातलेलं असतं. म्हणून जे ऑइल वापरतो त्याचा एक कोरा नमुना सुरुवातीला तपासून ठेवावा. तुलनेसाठी दुसरा चांगला आधार नाही.

धातूंइतकंच महत्त्व ऑइलच्या स्वतःच्या तब्येतीला आहे. त्यात पहिली येते स्निग्धता, म्हणजे ऑइल वाहताना किती आडकाठी करतं ते. १५डब्ल्यू-४० ऑइलमधला ४० सांगतो की १०० अंश सेल्सिअसला त्याची स्निग्धता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असायला हवी. ती ११ वर घसरली तर डब्यावर काहीही छापलेलं असो, इंजिनात आता ३० ग्रेडचं ऑइल फिरतंय. बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो चालू इंजिनात जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. ऑइल पातळ झालं की तो आणखी बारीक होतो आणि धातूला धातू भेटायला लागतो. पातळ होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इंजेक्टर गळून किंवा नीट फवारा न मारल्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं डिझेल. सतत छोट्या फेऱ्या मारणारी किंवा तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवलेली इंजिनं पुरेशी तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात इंधन आणि पाणी साठत जातं. धुराड्यात काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या काही वाहनांत तो जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं. त्यातलंही थोडं लायनरवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, येतं.

उलट दिशेने, काजळी आणि ऑक्सिडीकरणामुळे ऑइल घट्ट होतं. आणि इथे एक सापळा आहे. डिझेल मिसळून ऑइल पातळ होतंय आणि त्याच वेळी काजळीने घट्टही होतंय, असं असेल तर दोन्ही एकमेकांना झाकतात आणि स्निग्धतेचा आकडा अगदी छान येतो. ज्या इंजेक्टरचा फवारा बिघडलाय तो डिझेलही गाळतो आणि काजळीही वाढवतो, म्हणजे हा योग दुर्मिळ नाही. म्हणून स्निग्धता ठीक आहे एवढ्यावर थांबू नये. अहवालात इंधनाचं प्रमाण आणि काजळीचं प्रमाण वेगवेगळं दिलंय का ते पाहावं, आणि नसेल तर प्रयोगशाळेकडे मागावं.

राहिला टीबीएन. जळणातून तयार होणारी आम्लं मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कलीचा साठा दिलेला असतो आणि टीबीएन म्हणजे त्यातला किती शिल्लक आहे त्याचं माप. डिझेल इंजिनाच्या कोऱ्या ऑइलमध्ये ते बहुधा १० च्या आसपास असतं. कोऱ्याच्या निम्म्यावर आलं की ऑइल बदलायची तयारी करायची, असा ढोबळ नियम बरेच जण पाळतात. ऑइल काळं पडणं हा मात्र निकष नाही. डिझेल इंजिनातलं ऑइल भरल्यापासून थोड्याच वेळात काळं होतं, कारण काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

आता नोंदवहीकडे येऊ. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत किमती वस्तू तीच आहे. दोन सारख्या इंजिनांचे अहवाल आले, दोन्हींत लोखंड ४० पीपीएम. पहिल्याचं ऑइल २५० तास चाललंय, दुसऱ्याचं १२५. म्हणजे पहिल्यात दर १०० तासांना १६ पीपीएम लोखंड येतंय आणि दुसऱ्यात ३२, अगदी दुप्पट. ऑइलचे तास लिहून ठेवले नसतील तर दोन्ही इंजिनं सारखीच निरोगी वाटतील. तिसरं इंजिनही २५० तास चाललं आणि ४० पीपीएमच दाखवतंय, पण दहा लिटरच्या चेंबरमधून गळती होत राहिल्याने त्यात मधल्या काळात थोडं थोडं करून ४ लिटर नवं ऑइल घातलं गेलं. गळालेल्या ऑइलबरोबर धातू बाहेर गेला आणि नव्या ऑइलने उरलेला पातळ केला. हिशोब केला तर त्याची खरी झीज पहिल्यापेक्षा साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त निघते. ही टॉप-अपची नोंद कुठल्याही प्रयोगशाळेला मशीनमधून कळणार नाही. ती आपणच लिहून पाठवायची असते.

नमुन्याबरोबर इंजिनाचे एकूण तास किंवा किलोमीटर, या ऑइलचे तास, ब्रँड आणि ग्रेड, टॉप-अप किती घातलं, एअर फिल्टर कधी बदलला, मध्ये काही दुरुस्ती झाली का, हे सगळं जावं. निदान तीन नमुने होईपर्यंत त्या इंजिनासाठी ‘नेहमीचं’ काय ते ठरत नाही. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाचा पहिला अहवाल तर झिजेच्या धातूंनी भरलेलाच येणार, कारण भाग एकमेकांत बसत असतात. दुसऱ्या-तिसऱ्या बदलात आकडे उतरताहेत का, एवढंच तिथे पाहायचं.

नमुना काढण्याची पद्धत चुकली तर पुढचं सगळं वाया. इंजिन कामाच्या तापमानाला आलेलं असावं आणि बंद केल्यावर काही मिनिटांतच नमुना घ्यावा, म्हणजे जड कण तळाशी बसायला वेळ मिळत नाही. ड्रेन प्लगमधून घेत असाल तर सुरुवातीची धार जाऊ द्यावी, कारण तिच्यात तळाचा गाळ असतो. मधल्या धारेला बाटली धरावी, अगदी शेवटचं ऑइलही नको. हातपंपाने डिपस्टिकच्या नळीतून ओढणं आणखी सोयीचं, फक्त नळी दर वेळी नवी हवी आणि तिचं टोक चेंबरच्या तळाला टेकू द्यायचं नाही. प्लगभोवतीची माती आधी पुसावी. पाण्याची किंवा सरबताची धुतलेली बाटली वापरू नये, प्रयोगशाळेची कोरी बाटलीच वापरावी. आणि दर वेळी एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने घ्यावा. पद्धत बदलली की आकडे बदलतात आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो.

आता या तपासणीची मर्यादा. प्रकाशाने धातू मोजणाऱ्या या यंत्राला बारीक कणच नीट दिसतात. साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण पूर्ण जळत नाहीत, त्यामुळे मोजणीतून निसटतात. घासून होणारी हळू झीज बारीक कण सोडते, ती पकडली जाते. पण बेअरिंगच्या किंवा गिअरच्या पृष्ठभागाचे टवके उडायला लागले, तर ते टवके यंत्राला दिसत नाहीत. अहवाल स्वच्छ आणि इंजिन मरणाच्या दारात, असं घडू शकतं ते यामुळे. त्यावर उपाय म्हणजे ते टवके जिथे अडकतात ती जागा पाहणं, अर्थात ऑइल फिल्टर.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून पाहावा. करवतीने नाही, कारण करवतीचा भुसाच धातूचा असतो. त्यासाठी फिल्टर कटर मिळतो. आतला कागद काढून, घड्या उलगडून, निथळून उजेडात धरायचा. काळा चिकटा नेहमीचाच. चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवावं. चिकटले तर पोलाद, नाहीतर बेअरिंगचा धातू किंवा अ‍ॅल्युमिनियम. एखाद-दुसरा बारीक कण असणं वेगळं आणि चमकी उधळल्यासारखा कागद दिसणं वेगळं. लायकमिंगसारख्या कंपन्या विमानाच्या पिस्टन इंजिनांसाठी पूर्ण प्रवाहाचा (सगळं ऑइल ज्यातून जातं असा) फिल्टर असल्यास दर ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगतात आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून पाहणं हा त्या देखभालीचाच भाग असतो. जमिनीवरच्या इंजिनांतही ही सवय लागायला हवी. तिला प्रयोगशाळा लागत नाही. चुंबकी ड्रेन प्लग असेल तर त्याच्यावरचा लगदाही पाहावा. मऊ राखाडी लेप चालतो, सुईसारखे तुकडे चालत नाहीत. प्रयोगशाळेतही मोठ्या कणांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. पीक्यू नावाचा निर्देशांक चुंबकाला ओढले जाणारे सगळे कण आकार न पाहता मोजतो, आणि फेरोग्राफीत कण काचपट्टीवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा आकार पाहिला जातो. घासलेला कण पातळ पापुद्र्यासारखा असतो, तर वाळूने कापलेला कण लेथवरून निघणाऱ्या वळलेल्या किसासारखा.

काही बिघाड मात्र ऑइलमध्ये उमटतच नाहीत. टायमिंग बेल्ट तुटणं, कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमधली तडा, इंजेक्टरच्या वायरिंगमधला दोष, रेडिएटरचा होज फुटणं, यांची कुणकुण कुठल्याही नमुन्यात लागत नाही. म्हणून रोजची नजर सुटता कामा नये. डिपस्टिक पाहताना पातळी कमी आहे का एवढंच बहुतेक जण पाहतात. पातळी वाढलेली असणं जास्त वाईट. न घालता ऑइल वाढलं म्हणजे डिझेल किंवा कूलंट आत येतंय. त्या इंजिनाला लोडवर घेऊ नये. डिपस्टिक हुंगून पाहिली तर डिझेलचा वास बहुधा लगेच कळतो. पाण्याचा संशय असेल तर तापलेल्या तव्यासारख्या सपाट पत्र्यावर, साधारण १६० अंशांवर, ऑइलचा एक थेंब टाकावा, डोळ्यांवर चष्मा घालून. तडतडला, बुडबुडे आले, तर पाणी आहे. नुसता पसरला तर बहुतेक नाही, अगदी थोडं असेल तर या चाचणीत कळत नाही. निळसर धूर, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाढलेला वाफारा, थंड इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दाब चढायला लागणारा वेळ, हेही नोंदवहीत तारखेसह जायला हवं. ते नंतर अहवालाशी ताडून पाहता येतं.

एकाच कारच्या मालकाने दर ऑइल बदलाला प्रयोगशाळा गाठावी असं मी म्हणणार नाही. वेळच्या वेळी ऑइल आणि फिल्टर बदलणं त्याला पुरतं. जुनी गाडी विकत घेताना किंवा काही शंका आल्यावर एखादा नमुना पाठवणं मात्र फायद्याचं. ज्यांचं पोट इंजिनावर आहे, ज्यांच्याकडे अनेक वाहनं किंवा जनरेटर आहेत, किंवा ज्यांचं इंजिन समुद्रात वा हवेत बंद पडून चालणारच नाही, त्यांनी ती नेमाने करावी. अहवाल चांगले येताहेत म्हणून ऑइल बदलाचा काळ लांबवायचा असेल तर थोडा थोडा लांबवावा, दर टप्प्यावर नमुना घ्यावा, आणि वॉरंटीच्या काळात कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडू नये.

आणि अहवाल लाल आला तर? पहिलं काम म्हणजे दुसरा नमुना, नीट पद्धतीने काढलेला. तो पाठवताना फिल्टर कापून पाहायचा, टॉप-अपची आणि दुरुस्तीची नोंद तपासायची. दुसऱ्या नमुन्यात आकडा खाली आला तर पुढचा नमुना निम्म्या तासांवर घ्यायचा आणि लक्ष ठेवायचं. शिसं आणि तांबं दुसऱ्यांदाही चढलेलेच असतील आणि फिल्टरच्या घड्यांत चकाकी असेल, तर इंजिन त्याच दिवशी थांबवावं. बऱ्याच इंजिनांत चेंबर उतरवून खालूनच बेअरिंगचे शेल बदलता येतात. तेच काम लांबलं आणि क्रँकशाफ्टला चरे पडले, तर सगळं इंजिन उतरवून शाफ्ट ग्राइंडिंगला पाठवावा लागतो.